न विचारता लावलेला कर

रुचिरच्या वागण्याला काही वळणच नव्हतं. दुसऱ्याच्या घरी यावं, चपला काढाव्यात आणि टेकायच्या आत प्रश्न सुरू! सुलेखाबाईंची शाळा चौथीतच सुटली होती, पण कुठे थांबावं हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

ओळख झाली ती सिंगापूरात, टॅम्पिनीसला, त्यांच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये. त्यांची लेक गार्गी शाळेत इतिहास शिकवायची. मुलांच्या नाटकासाठी तिकोनी टोप्यांचं खोकं घेऊन ती आत शिरली, खोक्याचा तळ सुटला आणि टोप्या लिफ्टभर. दोन मजले वर राहणाऱ्या रुचिरने त्या गोळा केल्या. शेवटची मात्र स्वतःच्याच डोक्यावर चढवली.

"कुठल्या राजाची?"

"राजाशी भांडलेल्यांची. अमेरिकेतल्या." गार्गी हसली.

"का भांडले?"

मजला आला, तरी दोघं दार धरून उभे... आणि मागे भाजीच्या पिशव्या सांभाळत सुलेखाबाई!

तेव्हापासून दर शनिवारी स्वारी उत्तर ऐकायला हजर. सुलेखाबाई आत पोळ्या लाटत, पण कान बाहेर. राजाचं कापड नको म्हणून घरोघरी सूत कातणाऱ्या त्या गोष्टीतल्या बायका त्यांना भारी आवडल्या. ईस्ट कोस्टला समुद्रकाठी सायकली चालवून आल्यावर दोघांच्या 'तुम्ही'चं 'तू' झालं, तेही त्यांनी ऐकलं.

"पण चहा तर स्वस्त झाला होता ना?" रुचिर बँकेत हिशेब बघायचा. "मग त्या लोकांनी चहाच्या पेट्या समुद्रात का टाकल्या? मी दोन घरी नेल्या असत्या."

"नेशीलच तू! अरे, प्रश्न पैशांचा नव्हताच. समुद्रापलीकडे बसून राजाने कर लावला... यांना न विचारता."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच."

बोलताना तिचे कान लाल झाले. आणि रुचिर कर विसरून तिच्या कानातल्या डुलाकडे बघत बसलेला! सुलेखाबाईंनी मुद्दाम पातेलं आपटलं.

मग एका रविवारी पुण्याहून रुचिरच्या आईचा फोन आला. मुलाने सांगितलंय, गार्गी आम्हाला पसंत आहे. सुलेखाबाई हरखल्या. दोघी आयांनी लग्नाला डिसेंबर ठरवला, कोथरूडचा हॉलसुद्धा ठरवला. मग शिरा करून त्यांनी लेकीला बातमी दिली.

गार्गीने चमचा खाली ठेवला.

"मला कधी सांगणार होतीस?"

"आत्ता सांगतेय की!"

ती उठून खोलीत गेली. पुढचे शनिवार ती शाळेतच थांबू लागली. रुचिरचा फोन घेईना.

शेवटी एका संध्याकाळी तो दारात आला, चेहरा पार उतरलेला. "काकू, मी तिला आवडत नाही का?"

"मला काय विचारतोस?" सुलेखाबाई कडाडल्या. "त्या राजाची एवढी गोष्ट ऐकलीस, आणि स्वतः काय केलंस? आईकरवी हुकूम धाडलास!"

"पण तुम्हीही हो म्हणालात ना!"

"मी आई आहे. माझं वेगळं."

"काही वेगळं नाही," खोलीच्या दारातून गार्गी म्हणाली.

सुलेखाबाईंनी बाजूला होऊन रुचिरला आत घेतलं.

रुचिर घुटमळला. "गार्गी... माझ्याशी लग्न करशील?"

"नाही म्हटलं तर?"

"तर... शनिवारी आलेलं चालेल का, एवढं विचारेन."

गार्गीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलंच.

"करीन. पण डिसेंबरात नाही. तारीख आपण दोघं ठरवू."

आता पुण्याला फोन करून हॉल सोडणं आलं! सुलेखाबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"ऐक रे, रुचिर. गार्गी मी तुला दिलेली नाही. ती आपणहून येतेय. हे कधी विसरलास ना, तर मला समुद्र ओलांडायला नको... दोन मजले चढून येईन!"