दारात माझा भाऊ उभा होता

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. हवं तर दादाला विचारा. तो नाकारणार नाही... निदान आता तरी.

मागच्या फेब्रुवारीतला शनिवार. दुपारचे साडेचार.

मी आणि माझा थोरला भाऊ पडक्या इमारतींची मापं घेऊन नकाशे काढतो. त्या दिवशी टेकडीवरचा जुना मठ होता. छप्पर अर्धं खचलेलं, भिंती दोन-दोन हात जाड.

तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराने आधीच बजावलं होतं.

"शत्रूने दारावरच्या साधूला विचारलं, आत कोण आहे? जिवाच्या भीतीने तो म्हणाला, कोणी नाही. त्यांनी दार चिणून टाकलं. आत चाळीस माणसं होती. दारातल्या माणसाला अजून कुणीतरी तेच विचारतं. खरं काय ते सांगून टाका."

"सांगू की, आमचं शेंडेफळ आहे म्हणून," दादा माझ्या डोक्यावर टपली मारत म्हणाला.

एवढ्या जाड भिंतींतून हाक पोचत नाही. म्हणून आमची खूण ठरलेली. मापाच्या फितीचं टोक धरून मी आत जायचं. फीत गुंडाळलेली डबी घेऊन दादा दारात. त्याने एक झटका दिला की थांबायचं, दोन दिले की पुढच्या खोलीत.

पहिली खोली. दोन झटके.

दुसरी. दोन झटके.

तिसरी... चौथी... पाचवी.

पाचवीत अंधार होता. तिथे माझी ट्यूब पेटली. एकेक खोली दहा मीटरची.

आणि आमची फीत तीस मीटरची.

दादा मागोमाग आत आला असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

"दादा?"

पावलांचा आवाज नाही.

फक्त... दोन झटके.

मी मोबाइलचा उजेड पाडला. पुढे खोली नव्हतीच. जमीन संपली होती आणि खाली तळ दिसत नव्हता.

मी फीत ओढली. डबी मागच्याच खोलीतून फरपटत आली. ती धरायला कोणी नव्हतं.

डबी माझ्या हातात आली.

आणि तरीही... दोन झटके बसले.

सगळं टाकून मी पळत सुटलो. दारात दादा नव्हता. तो खाली गाडीत होता, इंजिन चालू, काचा वर. मला बघूनही त्याने दार लगेच उघडलं नाही.

"तुला विचारलं ना?" मी म्हणालो.

"अगदी कानाशी, रे."

"मग?"

तो समोर रस्त्याकडे बघत राहिला. "कोणी नाही म्हणालो."

"किती वेळ विचार केलास?"

"लगेच म्हणालो."

ते झटके कोणी दिले, मला आजही माहीत नाही. त्यांची भीती वाटते. पण खरी झोप उडते ती त्या 'लगेच'मुळे.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. कामाला निघालो की ती अजून दारात येऊन म्हणते, "दादा आहे ना बरोबर? मग मला काळजी नाही."