पहिला पीस ट्रायलचा

अमृत निघाला होता मुलगी बघायला. पण मुलगी त्याला इस्लामपूर यायच्या आधीच दिसली.

आपल्या गावी, उंब्रजला तो सांगलीच्या एसटीत चढला. अंगात इस्त्रीचा शर्ट, मांडीवर कंदी पेढ्यांचा बॉक्स. बसतोय न बसतोय तोच शेजारच्या पोरीचा मोबाईल असा किंचाळला, की ड्रायव्हरनं घाबरून भर हायवेवर गाडी बाजूला घेतली.

"अठ्ठावन्न," पोरगी घाम पुसत म्हणाली. "साखर उतरलीय माझी. आवं, गोड काय हाय का? पटकन!"

"हे... हे सोयरिकीचं हाय."

"मग मी मेल्यावर करा की सोयरीक!"

तिची बोटं थरथरत होती. अमृतनं स्वतःच बॉक्स फोडला. पहिला पेढा, दुसरा, तिसरा... चौथ्याला ती त्याच्याकडं बघून हसली. ओठाला पेढ्याचा एक कण तसाच राहिला होता. अमृत त्या कणाकडं बघत राहिला आणि इस्लामपूर कधी मागं गेलं, त्याला कळलंच नाही. फुटका बॉक्स घेऊन मुलगी बघायला कसं जायचं, अशी स्वतःची समजूत घालून तो थेट सांगलीला उतरला.

तिचं नाव उत्कर्षा. अकराव्या वर्षापासून तिला इन्शुलिनची सुई. दंडावर रुपयाएवढी चकती, ती दर पाच मिनिटाला साखर मोजून मोबाईलवर दाखवायची. चकती टिकणार चौदा दिवस आणि तेवढ्या पैशात घरचा महिन्याचा किराणा आला असता. त्यामुळं महिन्यातले निम्मे दिवस उत्कर्षा बोटंच टोचायची. इन्शुलिन आणि ही चकती पोरांना सरकारी दवाखान्यात फुकट मिळावी, म्हणून ती गावोगाव सह्या गोळा करत होती.

अमृत साताऱ्यात एका कारखान्यात फिटर. त्यानंही सगळ्या सुट्ट्या सह्यांना वाहिल्या. जतला एका मेंढरानं सह्यांचा आख्खा कागद खाल्ला, तेव्हा म्हणाला, "लिहून घ्या, मेंढरांचाबी पाठिंबा हाय." उत्कर्षा पोट धरून हसली. सगळं छान चाललं होतं...

फक्त रविराज नसता तर!

रविराजचं सांगलीत औषधाचं दुकान. उंच गडी, कोरलेली दाढी. उत्कर्षाची साखर तिच्याबरोबर त्याच्याही मोबाईलवर दिसायची. चहा पिताना त्याचा फोन यायचा, "उतरतीय गं, बिस्कीट खा." अमृत समोर बसलेला असायचा आणि त्याला काही म्हणता काही दिसायचं नाही.

"त्यालाच का दिसतं?" एकदा त्यानं विचारलंच.

"कुणीतरी लक्ष ठेवायला लागतं. झोपेत घसरली, तर फोन करून उठवतो."

"झोपेत... तो उठवतो?"

"व्हय. का रं?"

"काय न्हाई. चहा गार झाला."

शेवटी साताऱ्यात आरोग्य खात्याच्या मॅडमनी भेटीची वेळ दिली. उत्कर्षाची जुनी चकती भेटीच्याच सकाळी संपणार होती. नवी एकच होती. ती मॅडमसमोर दंडावर लावून दाखवायची, असं ठरलं. अमृत साताऱ्यात राहतो, म्हणून डबी त्याच्याकडं. आदल्या दिवशी रविराजचा फोन आला, "जपून आण बरं. तिच्या दंडाला मीच लावतो. सवय हाय मला."

सवय!

अमृतला त्या एका शब्दावर जेवण गेलं नाही. सकाळी उठून त्यानं ठरवलं, आज दंडाला चकती आपणच लावायची. आणि कारखान्यात कुठलंही नवं काम आलं, की पहिला पीस ट्रायलचा असतो. त्यानं डबी उघडली, चकती बसवायचा ठोकळा स्वतःच्या दंडावर ठेवला आणि दाबला.

खट्ट!

चकती बसली. झकास बसली. मग त्यानं डबीवरचं वाचलं... एकदाच वापरायची.

भेटीला तो जॅकेट घालून गेला. उन्हाळ्यात. हातात यशाचे म्हणून पेढे. रविराज आला, पांढरा शर्ट, अत्तर. अमृतनं एक पेढा तोंडात टाकला. रविराजनं उत्कर्षाची बॅग घेतली... दोन पेढे. रविराजनं तिच्या केसात अडकलेलं वाळकं पान हळूच काढलं... चार!

आत मॅडमसमोर उत्कर्षानं डबी उघडली. रिकामी.

"अमृत?" तिचा चेहरा पांढराफटक पडला.

तेवढ्यात अमृतचा मोबाईल किंचाळला. एकशे एक्क्याऐंशी! चकती काढून परत लावता येते का बघायला त्यानं ॲप घेऊन चकतीला जोडलं होतं, ते आता बोंबलत होतं. त्यानं मुकाट जॅकेट काढलं.

"कुणी लावली ही?" मॅडमनी विचारलं.

"मीच. ट्रायल म्हणून."

"शिकवलं कुणी?"

"कुणी न्हाई, मॅडम. मला जमलं म्हंजे खेड्यातल्या कुठल्याबी आईला जमंल. फक्त... ती मिळाली पायजे."

मॅडम हसल्या, त्याच्या मोबाईलवरचा आकडा बघितला आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. लहान पोरांपासून सुरुवात करावी, असा शेरा मारून त्यांनी फाईल वर पाठवली.

बाहेर आल्यावर उत्कर्षा फुटली. "फाईलीचं राहू दे! चौदा दिवस बोटं टोचायची मी! तुझ्यापायी!"

"माझी टोच," अमृतनं दोन्ही हात पुढं केले.

तिनं त्याचा मोबाईल हिसकावला. पडद्यावर साखरेचे चढ-उतार.

"हा उंचवटा कशाचा?"

"तो आला तवा."

"आन् हा?"

"तुझी बॅग घेतली तवा."

"हा डोंगर?"

"तुझ्या केसातलं... पान." तो खाली बघून म्हणाला, "दर वेळी पेढा खाल्ला. काय करू? जळत होतं."

उत्कर्षा गालातल्या गालात हसली. "येड्या, बारा वर्षं असले आकडे वाचतीय. प्रेमपत्र मात्र पहिल्यांदाच आलं."

तिनं दोन्ही मोबाईलवर कायबाय दाबलं. "आता चौदा दिवस तुझी साखर मला दिसणार. पुढची चकती मिळू दे, माझी तुला दिसंल."

"आन् रविराज?"

"तो राहणारच. माझ्या जिवावर दोघांचं लक्ष असलं, तर तुला बरंच न्हाई का?"

अमृत यावर काही बोलणार, इतक्यात रिक्षातून रविराजची हाक आली, "उत्कर्षा, येतीस न्हवं? तुझ्यासाठी कडेची जागा धरलीय!"

अमृतचा हात आपोआप बॉक्सात गेला. तिनं तो वरच्यावर पकडला, आणि सोडला नाही.

"ठेव तो पेढा," ती म्हणाली. "मला दिसतंय."