बटणाला हात लावू नकोस

बसा, उठू नका. लाइट गेली की या गल्लीत अर्धा तास तरी येत नाही, आणि तुमचं मशीन मी असं उघडं टाकलेलं असताना तुम्ही जाणार तरी कुठे? हा बॅटरीचा दिवा आहे, त्यात निदान एकमेकांची तोंडं दिसतील. पाय मात्र त्या कोपऱ्याकडे लांब करू नका. तिथे कापडाखाली एक जुना कॉम्प्युटर आहे. चालत नाही तो. पण त्याच्या बटणाला कुणाचा धक्का लागलेला मला खपत नाही.

हसा, हसा. पण आधी ऐकून घ्या.

हे दुकान मुळात माझ्या दादाचं. हे काम मी त्याच्या हाताखाली शिकलो. त्याचा एक नियम होता. "डबा उघडायच्या आधी माणसाला विचार, धाकट्या. अर्धा बिघाड माणूसच सांगतो." मला ते कधी जमलं नाही. माझा स्क्रूड्रायव्हर आधी चालतो आणि तोंड नंतर. दादा जाऊन आता पाच वर्षं झाली, तरी काम बिघडवून ठेवलं की त्याचं ते वाक्य मला हमखास ऐकू येतं. काही उपयोग नसतो तेव्हा त्याचा.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. दुपारी फोन आला. बाईंचा आवाज, वय झालेलं, पण शब्द ठणठणीत. "माझा कॉम्प्युटर सुरू होत नाहीये. आज साडेपाचच्या आत झाला पाहिजे." मी मनात म्हटलं, आली आणखी एक घाईवाली. सगळ्यांनाच आजच हवा असतो. साडेतीनला मी पिशवी घेऊन त्यांच्या दारात होतो.

दुसऱ्या मजल्यावरचं शेवटचं घर. काकूंनी दार उघडलं आणि वळून आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आतल्या खोलीत खिडकीला लागून टेबल, टेबलावर मॉनिटर, त्याच्या डोक्यावर चिमट्याने लावलेला छोटा कॅमेरा. खाली कॅबिनेट. समोर एकच खुर्ची, तिच्यावरची उशी बसून बसून मधोमध दबलेली. खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत, त्यामुळे दिवसासुद्धा खोलीत संध्याकाळच असल्यासारखं वाटत होतं. सगळीकडे साबणाचा स्वच्छ वास. आणि त्याखाली, अगदी पुसट, तापलेल्या तारेचा.

मी कामाला लागलो. भिंतीतल्या प्लगला टेस्टर लावला, वीज होती. केबल काढून पुन्हा घट्ट बसवली. मागचा स्विच पाहिला, चालू होता. कितीतरी लोक तो बंद ठेवून आम्हाला बोलावतात. मग मी समोरचं बटण दाबायला हात पुढे केला, तर काकू एकदम म्हणाल्या, "ते नको."

"दाबल्याशिवाय कळणार कसं, काकू?"

"कळलंय ना सुरू होत नाही ते? मग आतून बघा."

गिऱ्हाइकाशी वाद घालू नये. केबल काढली, कॅबिनेट आडवं केलं, बाजूचा पत्रा उघडला. आणि सवयीने माझा हात सरळ मदरबोर्डवरच्या सेलकडे गेला. नाण्याएवढा असतो तो. मशीनचं घड्याळ आणि त्याच्या काही नोंदी त्याच्यावर जिवंत राहतात. मशीन अडून बसलं की आम्ही तो काढतो, म्हणजे जुन्या नोंदी पुसल्या जातात आणि मशीन कोऱ्या पाटीने सुरू होतं. नखाने टचकन उडवला, खिशात टाकला, आणि मग विचारलं, "कधीपासून बंद आहे?"

"आठ दिवस झाले."

"वापरता कशाला?"

काकू खुर्चीत टेकल्या. "माझा मुलगा फार लांब असतो. रोज साडेपाचला तो यात दिसायचा. मला मेलीला काही जमायचं नाही. कुठलं बटण दाबायचं तेच विसरायचे. एकदा तर मॉनिटर बंद होता आणि मी वीस मिनिटं त्याच्याशी बोलत बसले." हे सांगताना त्या हसल्या. "मग सुट्टीत आला तेव्हा त्याने आत कायसंसं करून ठेवलं. म्हणाला, आई, तू बटणाला हात लावू नकोस. रोज साडेपाचला मीच सुरू करत जाईन. तू फक्त येऊन बस."

आमच्या भाषेत याला मशीनला गजर लावणं म्हणतात. ठरावीक वेळी आपोआप सुरू होतं. अवघड काही नाही, पण आईसाठी हे सुचणारा मुलगा विरळाच. मी तसं बोललोही. "चांगला आहे हो मुलगा. आता आठ दिवस फोनवर बोलत असाल?"

"नाही." त्यांनी उशीचा कोपरा नीट केला. "दीड वर्ष झालं त्याला जाऊन. तिकडेच गेला. मला त्याचं तोंडही बघता आलं नाही."

स्क्रूड्रायव्हर हातात तसाच राहिला.

"पण हे सुरू व्हायचं," त्या म्हणाल्या. "त्यानंतरही. रोज साडेपाचला. पंखा घुमायचा, हिरवा दिवा लागायचा. मी येऊन बसायचे. अर्ध्या तासाने आपलं आपण बंद व्हायचं."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो गजर त्या नोंदींमध्ये असतो. मुलाने स्वतःच्या हाताने या घरात मागे ठेवलेली ती एकच गोष्ट, आणि मी ती नखाने उडवून खिशात टाकली होती. न विचारता. दादाचा आवाज आलाच. मला इतकी लाज वाटली की मान वर होईना.

निदान सेलमध्ये किती जीव आहे ते बघावं म्हणून मी तो खिशातून काढून मीटरवर ठेवला. शून्य. पुन्हा ठेवला. पुन्हा शून्यच. आठ दिवसांत सेल असा रिकामा होत नाही, त्याला महिनोन्‌महिने लागतात. मग मी वीज पुरवणारा डबा बाहेर काढला, एसएमपीएस म्हणतो आम्ही त्याला, आणि तो खोलला. आतला भाग जळून काळा पडला होता. तापलेल्या तारेचा वास तिथलाच. पण त्या जळलेल्या भागावरही धुळीचा थर बसला होता, चांगला जाड. त्याच्या पंख्याकडे पाहिलं. फिरत्या पंख्यावरची धूळ पात्यांच्या कडांना चिकटते, आमच्या नजरेला ते लगेच कळतं. ही धूळ कपाटावर बसते तशी वरून सपाट बसली होती. आणि पात्यापासून चौकटीपर्यंत कोळ्याचं अख्खं जाळं होतं, एक धागा तुटलेला नाही.

हा पंखा दीड वर्षात एकदाही फिरला नव्हता.

"काकू..." माझा आवाज मलाच बारीक वाटला. "आठ दिवसांपूर्वीपर्यंत हे नक्की सुरू होत होतं?"

"रोज."

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"अहो, समोर बसलेली असायचे मी."

त्यांना भ्रम झाला असेल असं तुम्ही म्हणाल. पण फोनवर सांगितलेलं माझं नाव त्यांच्या लक्षात होतं, मी दहा मिनिटं उशिरा आलो हे लक्षात होतं, औषधाची वेळ झाली तशी त्या न चुकता उठल्या होत्या. खोलीत दोघांच्या श्वासाशिवाय आवाज नव्हता. पण त्या कोळ्याच्या जाळ्याकडे पाहताना मला वाटत राहिलं, की मी फुंकर घातली नसताना ते हलतंय...

"मग आठ दिवसांपूर्वी काय झालं?" अखेर मी माणसाला विचारलं.

काकू अगदी हळू म्हणाल्या, "माझं चुकलं. त्या दिवशी त्याचा वाढदिवस होता. सकाळपासून जीव थाऱ्यावर नव्हता. पाच वाजले, पाच वाजून दहा झाले... वीस मिनिटं थांबवेना मला. मी बटण दाबलं." त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. "काहीच झालं नाही. साडेपाचलाही नाही. तेव्हापासून नाही. त्याला वाटलं असेल, आईला आता जमतं. आता आपलं काय काम..."

त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी नवा एसएमपीएस बसवला, नवा सेल बसवला. जुना डबा त्याच्याच केबलमध्ये गुंडाळून पिशवीत टाकला. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून बारा मिनिटं झाली होती. आता मशीन सुरू करायचं, आत जाऊन साडेपाचचा गजर लावायचा, की चूक भरून निघणार होती. मी तसं सांगितलं. सेलचंही कबूल केलं.

काकूंनी कॅबिनेटच्या बटणावर आपला तळवा धरला. "नको. तुम्हीही दाबू नका. सुरू करणं त्याचं काम आहे."

"अहो काकू, पण मी सगळं पुसून टाकलंय. आता ते आपोआप सुरू व्हायचं नाही."

"दुरुस्त झालंय ना?"

"झालंय."

"मग तुम्ही या आता. मला केस नीट करायचेत."

खरं सांगू? मी कच खाल्ली. साडेपाचला त्या बाई त्या खुर्चीत बसणार, आणि ते मशीन ढिम्म हलणार नाही, आणि ते बघायला मला तिथे थांबायचं नव्हतं. आणि हलेल, ही भीती तर त्याहून मोठी होती. मी जिने धडाधड उतरलो.

बस थांब्यावर मोबाइल काढायला पिशवीत हात घातला, तर हाताला केबल लागली. काकूंची केबल. भिंतीतून मशीनला वीज नेणारी तीच एक, आणि ती मी जुन्या डब्याला गुंडाळून घेऊन आलो होतो. म्हणजे मशीनला गजर तर नव्हताच, वीजही नव्हती! मोबाइलवर पाच एकतीस झाले होते. मी तिथूनच फोन लावला आणि माघारी चालू लागलो.

खूप वेळ रिंग वाजली. मग फोन उचलला गेला.

"काकू, मी मशीनवाला. केबल माझ्याकडे राहिली हो. ते सुरू होणार नाही, मी आलोच पाच मिनिटांत..."

पलीकडून घुमल्यासारखा आवाज येत होता. बारीक, एकसारखा. आयुष्य त्या आवाजात गेलंय माझं. कॅबिनेटचा पंखा होता तो.

"बोलू नका आता..." काकू कुजबुजल्या.

आणि त्यांच्या मागून, थोड्या अंतरावरून, एका पुरुषाचा आवाज आला. तरुण, सहज, घरातल्या माणसाचा. "आई, कोण गं?"

"कोणी नाही रे, मशीनवाले आहेत." काकू हसत होत्या. असं हसणं मी पुन्हा ऐकलेलं नाही. मग फोन ठेवला गेला.

मी रस्त्याच्या मधोमध उभा होतो आणि केबल माझ्या मुठीत होती. ती कोमट होती. मशीन तास दोन तास चालल्यावर होते ना, तशी.

दोन दिवसांनी केबल परत द्यायला गेलो. वर जायचं धाडस झालं नाही, खालूनच हाक मारली. काकू खाली आल्या, केस नीट विंचरलेले, चेहरा टवटवीत. "ठेवते हो," म्हणाल्या. "लागत नाही म्हणा तशी." मी पुढे काही विचारलं नाही.

आता तो कोपऱ्यातला कॉम्प्युटर. तो दादाचा. दिवसभराची कामं संपली की संध्याकाळी सातला दादा त्यावर बुद्धिबळ खेळायचा. रोज हरायचा आणि मशीनला शिव्या द्यायचा. "लबाड आहे हे, धाकट्या, याने माझा घोडा चोरला!" तो गेल्यावर मी ते मशीन चालू ठेवलं. हौसेने. बिघडलं की दुरुस्त करायचो, सातला बटण दाबून पट मांडून ठेवायचो. वाटायचं, त्याला बरं वाटेल. चार वर्षं ते बटण मी दाबत आलो. त्या दिवशी काकूंच्या घरून आलो आणि इथे, या स्टुलावर बसून, लहान पोरासारखा रडलो. चार वर्षं मी दादाला हेच सांगत होतो, की मला जमतं आता. तू नसलास तरी चालतं.

नाही चालत हो. एक दिवस चाललेलं नाही.

त्याच रात्री त्याची केबल काढली, आतला सेल काढला, वर कापड घातलं. तेव्हापासून बटणाला हात लावलेला नाही. सातला दुकान बंद करायचं सोडून नुसता इथे बसून राहतो. एक वर्ष होईल आता.

किती वाजले तुमच्याकडे? सातच?

थांबा. हलू नका... पंखा ऐकू येतोय ना? नाही, लाइट नाही आली. बाहेर बघा, गल्लीत सगळा अंधार आहे. आणि तुमचं मशीन तर माझ्या समोर सुटं पडलंय, त्याचा पंखा माझ्या हातात आहे.

दिवा तिकडे नेऊ नका. कापड हलतंय ते मलाही दिसतंय... जरा वेळ काही बोलू नका, म्हणजे झालं. दादाला मशीनला शिव्या तर देऊ द्या.