पेला पुढे करणारा हात

इसवी सन २०७१ मध्ये महाराष्ट्रात दूध न पचणारा माणूस उरला नव्हता, आणि कृतघ्न माणूसही उरला नव्हता. पहिल्या गोष्टीचे श्रेय घ्यायला सात समित्या पुढे आल्या. दुसरीची दखल कोणी घेतली नाही, कारण ती कोणाच्याच गैरसोयीची नव्हती.

दुधातली साखर फोडायला आतड्यात एक विकर, म्हणजे पचन घडवणारे प्रथिन, लागते. बहुतेक माणसांत बाळपण सरले की ते बनणे मंदावते. अंगावरचे दूध तुटलेल्या मुलाला दुधाची गरज नाही, असा निसर्गाचा हिशेब. दुष्काळाच्या दशकात पिके करपली आणि कमी पाण्यावर तगणाऱ्या नव्या वाणाच्या म्हशींचे दूध तेवढे उरले, तेव्हा हे विकर तयार करणारा एक जिवाणू प्रयोगशाळेत घडवला गेला. त्याचे नाव 'दुग्धसखा'. तो पोटात चारच दिवस जगे. त्याच्या वितरणासाठी विद्वानांनी शीतपेट्यांचा नऊ वर्षांचा आराखडा आखला.

तो आराखडा भुदरगडच्या डोंगरातल्या एका धनगरवाड्यावर निकालात निघाला. चाचणीसाठी मिळालेली पुडी रेश्मा झोरे यांनी गिळली नाही. एकटीने खाणे बरे दिसेना, म्हणून दह्याच्या गाडग्यात टाकली. विरजण मागायला आलेल्या बाईला नाही म्हणायचे नाही, हा तिथला रिवाज. जुन्या दह्यातल्या जिवाणूंशी सोयरीक होऊन दुग्धसखा पोटात महिनोन्महिने टिकू लागला, आणि वाटीवाटीने अकरा महिन्यांत गोंदियाला पोहोचला. त्याला अधूनमधून नवी भर लागे आणि उकळीत तो मरे, म्हणून सारे राज्य त्या विरजणाचा थेंब टाकलेले कच्चे दूध पिऊ लागले. लाखो माणसे जगली. हे वाक्य उपरोधाने लिहिलेले नाही.

अकरा वर्षांनी डॉ. अन्वी ओगले त्या गाडग्याचा नमुना घ्यायला आल्या आणि वाड्यावर आठ दिवस राहिल्या, दुधाचा थेंबही न घेता. त्यांनी रेश्माबाईंना समजावले की जिवाणूचा स्वार्थ एकच, दूध येत राहावे. त्यासाठी तो एक द्रव्य सोडतो, आणि पेला पुढे करणाऱ्या हाताविषयी माणसाला तान्ह्या मुलासारखी ओढ वाटू लागते. ओगले याला 'स्तन्यकृतज्ञता' म्हणत. रोज सकाळी स्वहस्ते पेले वाटणारे एक मंत्री तीनदा बिनविरोध निवडून आले होते, आणि वृत्तपत्रांना त्यात लोकशाहीची परिपक्वता दिसली होती. ओगल्यांकडे उतारा होता. एका गोळीने चार दिवसांत सखा नाहीसा होई; दूध पचणे थांबे, आणि ती ओढही.

"म्हंजी आमची विदिशा..." रेश्माबाईंनी वाक्य पुरे केले नाही.

विदिशा त्यांची सून. तिचे पहिले मूल सतराव्या दिवशी जुलाबांनी गेले, तेव्हा रेश्माबाई चार बायकांत म्हणाल्या होत्या की आईच्याच दुधात विष होते. विदिशा त्याच दिवशी माहेरी गेली. पाच वर्षांनी, दुष्काळात, पोटासाठी परतली. तेव्हापासून दहा वर्षे ती सासूच्या हातचा पेला पिऊन रोज त्यांच्या पाया पडत होती. रेश्माबाई त्यालाच क्षमा समजत आल्या होत्या.

ओगल्यांनी बाळाची सारी हकीकत विचारून घेतली. फार क्वचित एखादे मूल ते विकर न घेताच जन्माला येते, त्या म्हणाल्या; दूध निर्दोष होते. रेश्माबाईंनी सुनेसाठी गोळी मागून घेतली. त्यांना क्षमा सुनेची हवी होती, जंतूची नको.

सकाळी ओगल्यांच्या देखत त्यांनी सुनेला सगळे सांगितले आणि गोळी पुढे केली. विदिशाने ती बोटांत फिरवून पाहिली.

"मला ठाऊक आहे, आत्या," ती सासूला म्हणाली. "माहेरी पंधरा दिवस दुसऱ्याच्या हातचं प्यायले की तुमचा राग परत येतो. इथं आले की पेल्याबरोबर उतरतो. मी काय खुळी आहे?"

"मग घे की गोळी. मनात हाय ते एकदा बोल मला."

"घेतली तर जावं लागेल. मी तुम्हाला माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण मला घर पाहिजे, म्हशी पाहिजेत, तुम्हीसुद्धा पाहिजेत. त्याला हेच औषध आहे."

हे स्वातंत्र्य नव्हे, असे ओगले मध्ये पडून सांगू लागल्या. विदिशाने त्यांना शांतपणे विचारले, "तुम्हाला सासू आहे का, ताई?" ओगल्यांना सासू नव्हती, आणि त्यांच्या प्रबंधात ती शक्यता गृहीत धरलेली नव्हती.

रेश्माबाई आजवर स्वतःच ओतून पीत आल्या होत्या. त्यामुळे त्या घरात त्या एकट्याच कोणाच्या ओढीत नव्हत्या, आणि चार बायकांत बोललेले ते विषाचे वाक्य त्यांना रोज टोचत असे. विदिशाने पेला भरून त्यांच्यापुढे धरला.

"आजपासून तुम्ही माझ्या हातचं प्या."

ही शिक्षा की दया, हे रेश्माबाईंनी विचारले नाही. त्या प्यायल्या.

पाचव्या दिवशी ओगले निरोप घ्यायला आल्या. रेश्माबाईंचा चेहरा निवलेला होता. सून किती गुणाची, हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. ओगल्यांनी बाळाचा विषय काढला. रेश्माबाईंनी ते वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवले, 'विष' हा शब्दही न गाळता.

"त्याचं काही वाटतं का?" ओगल्यांनी विचारले.

"वाटत हुतं," त्या समाधानाने म्हणाल्या. "आता लई बरं वाटतंय."

सतरा दिवस जगलेल्या त्या बाळापायी ज्याचे मन खात होते, असे एकच माणूस त्या घरात होते. आता तेही उरले नव्हते, आणि घर सुखी होते.