उभा गिलास

लांजीकडच्या धानाच्या बांध्यांवरून पहाटेचं धुकं गावात उतरलं होतं. भुराबाई शेणाचं टोपलं घेऊन निघाली, तोच सूप वाजलं. फट्... फट्... सुपात धान्य असलं की ते सळसळतं. हे रिकामं होतं.

रिकामं सूप वाजवलं की घरात मरण येतं म्हणतात. कमलाआजीनं नेमकी तीच खूण धरली होती. "आलं तं म्हातारीलेच येईन," म्हणायची. बाईवर कुठं हात उठला, की जिला आधी कळेल तिनं रिकामं सूप वाजवायचं, आणि चौघी म्हाताऱ्यांनी त्या अंगणात जाऊन बसायचं. भांडायचं नाही, उठायचं नाही. मारणाऱ्यानं स्वतःच्या हातानं पाणी द्यायचं. त्याचा शब्द पटला तर पिऊन गिलास पालथा. नाही पटला तर उभा, म्हणजे आम्ही परत येऊ.

आवाज धर्मेंद्रच्या घराकडून येत होता. त्याची बायको पौर्णिमा सात महिन्यांची पोटुशी. भुराबाईनं टोपलं टाकलं. धुक्यात आपले पाय आपल्यालाच दिसत नव्हते. वाटेत फगनी भेटली, मागून सुमरत.

"तूनं वाजवलं काय वो?"

"मले तं वाटलं तूनंच..."

तिघी थबकल्या. चौथी, कमला, पंधरा दिवसांमागे गेली. तिचं सूपही तिच्यासोबत मातीत दिलं होतं.

"चाला," भुराबाई हळूच म्हणाली. "बलावलं तं जा लागते."

पौर्णिमा अंगणात पोट धरून बसली होती. मार लागला नव्हता. धर्मेंद्रची काठी खाली पडलेली, डोळे उंबरठ्यावर.

"आजी... तिले उठवा ना."

"कोणाले रे?"

त्यानं बोट दाखवलं. उंबरठा रिकामा होता. तिथून फक्त ताज्या उकरलेल्या मातीचा वास येत होता.

तिघी बसल्या. धर्मेंद्रनं चार गिलास आणले. चौथा उंबरठ्यावर ठेवला, दोन्ही हातांनी, मान खाली घालून.

"थंडीत पाणीबी गारच देते मेला," सुमरत पुटपुटली.

"अजून हात उचलशीन?" फगनीनं विचारलं.

"नाही, आजी."

ऊन वर येईस्तोवर त्या बसल्या. मग तिघींनी आपापले गिलास पालथे घातले आणि उंबरठ्याकडे पाहिलं. चौथा गिलास रिकामा होता. उभा.

पौर्णिमाची लेक आता चालायला लागली आहे. तिचा बाप रोज संध्याकाळी उंबरठ्यावर गिलास भरून ठेवतो. सकाळी तो रिकामा असतो. पालथा मात्र अजून एकदाही झालेला नाही.