'कट' म्हटल्यानंतरचा तो

लिफ्टचं दार मिटता मिटता एक हात आत आला, आणि पाठोपाठ तो.

"खांदा कसा आहे आता?" तिनं सहज विचारलं.

त्यानं वळून पाहिलं. "बरा आहे… पण माफ करा, आपण भेटलोय का?"

तिचे कान तापले. कुठे भेटणार? गेले कित्येक महिने ती त्याच्या नव्या पोलिसपटाचं संकलन करत होती. दिग्दर्शकानं 'अ‍ॅक्शन' म्हणण्याआधीचा आणि 'कट' म्हटल्यानंतरचा तो तिला पाठ होता — मारामारीनंतर खांदा चोळणारा, समोरच्या नवख्या नटाला "लागलं नाही ना?" म्हणून विचारणारा. त्यानं मात्र तिला कधी पाहिलंच नव्हतं, एवढी एक बारीकशी गोष्ट ती विसरली होती.

"मी तुमचा सिनेमा कापते," ती म्हणाली.

"अच्छा, म्हणजे 'कात्री' ती तुम्ही! दिग्दर्शक फार घाबरून असतात तुम्हाला."

"घाबरावंच."

तो हसला. असं हसू त्याच्या इन्स्पेक्टरच्या वाट्याला सबंध सिनेमात एकदाही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्याला संकलनाच्या खोलीत कामं निघू लागली. कधी चष्मा राहिला म्हणून, कधी उगाच "इथला एसी बरा आहे" म्हणून. चष्मा तो वापरतच नाही हे तिला ठाऊक होतं. तरी ती त्याच्यासोबत तो शोधायची. 'तुम्ही' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

एका संध्याकाळी मात्र तो आला तोच गंभीर चेहऱ्यानं.

"मागच्या दाराचा प्रसंग… कुठला टेक घेतलास?"

त्या प्रसंगात इन्स्पेक्टर आपल्या खबऱ्याला मागच्या दारानं जायला सांगतो. बाहेर मारेकरी उभे आहेत, हे त्याला माहीत असतं. खबऱ्याचा बळी गेला तरच अख्खी टोळी हाती लागणार असते. दार बंद होतं. एका टेकमध्ये इन्स्पेक्टर ढसाढसा रडतो. दुसऱ्यात तो बाही नीट करतो आणि खबऱ्याचा अर्धा राहिलेला चहा पिऊन टाकतो.

"चहाचा," ती म्हणाली.

"रडण्याचा घे. आई बघणार आहे गं. राक्षस वाटतो मी."

"रडलास की लोक त्याला माफ करून निवांत घरी जातील. चहा प्यायलास की विचारतील, याच्या जागी मी काय केलं असतं?"

"ते रडणं खरं होतं," तो हळूच म्हणाला. "बाबा नुकतेच गेले होते. ते तू टाकून देणार?"

तिनं नजर पडद्याकडे वळवली. तो निघून गेला. जाताना दार अगदी हळू लावलं, तेच जास्त लागलं.

एक बटण दाबून रडण्याचा टेक लावला असता, तर तो परत आला असता. बोट तिथवर गेलंही. पण त्याचं इतकं चांगलं काम त्याच्याच भीतीपोटी मोडायचं? तिनं चहा तसाच ठेवला.

सिनेमा आधी घरच्यांना दाखवला, तेव्हा ती मुद्दाम शेवटच्या रांगेत बसली. चहाच्या घोटाला कुणी खोकलंसुद्धा नाही.

बाहेर आल्यावर त्याची आई भिंतीला टेकून उभी राहिली. "तुझा तो इन्स्पेक्टर सुटावा असंही वाटेना, पकडला जावा असंही वाटेना. काय करून ठेवलंयस रे हे?"

तो सरळ 'कात्री'पाशी आला.

"तुझं बरोबर होतं."

"माहीत आहे."

"जरा तरी लाजावं माणसानं." मग आवाज उतरला. "आणि… ते रडणं? पुसलंस?"

"वेडा आहेस का? जपून ठेवलंय. ते इन्स्पेक्टरचं नव्हतंच, तुझं होतं. तिकीट काढून येणाऱ्या कुणालाही मी ते का दाखवू?"

तो एक पाऊल जवळ आला.

"फक्त तुलाच ठाऊक असावं, असं?"

"हो. हावरट आहे मी त्या बाबतीत."

"मग पुढचं रडणं, हसणं, भांडणं… सगळं तुझ्याचपाशी केलं तर?"

"भांडण मीच जिंकणार."

"त्याची सवय होईल."

"ए, ती कोण रे?" आईनं लांबूनच विचारलं.

त्यानं हात पुढे केला. तिनं तो धरला, आणि दोघं तसेच आईकडे चालत गेले.