गाडी घेऊ नका, तो म्हणाला

"अहो, तो आरसा जरा वळवा! मला रस्ता दिसत नाहीये!"

कुणीतरी ओरडलं आणि मी दचकून वळले. माझ्याबरोबर आरसाही वळला. उन्हाचा झगझगीत पट्टा समोरून येणाऱ्या पिकअपवर गेला, आत बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून आणखी एकदा फिरला आणि गाडी करकचून थांबली.

"मारा, अजून मारा," खिडकीतून डोकं काढून तो म्हणाला. "डावा डोळा राहिलाय."

खरं तर मी माफी मागायला हवी होती. पण आमचा नेहमीचा गाडीवाला आलाच नव्हता, फोनही उचलत नव्हता, आणि माझ्याहून उंच आरसा धरून दुकानाच्या पायरीवर उभी राहून माझे हात भरून आले होते.

"गाडी रिकामीच दिसतेय," मी म्हटलं. "डोळे चोळत बसण्यापेक्षा हा आरसा पोचवा ना. शिंप्याच्या दुकानात द्यायचाय, बाजारापलीकडे."

तो खाली उतरला. आरशाकडे पाहिलं, आरशातल्या माझ्याकडे पाहिलं, मग... माझ्याकडे पाहिलं. या तीन पाहण्यांत काही फरक असतो, हे मला तेव्हा कळायचं होतं.

"आडवा ठेवू?" त्याने विचारलं.

"काच आडवी ठेवतात का कधी? उभी. आणि टेकूला काहीतरी मऊ."

त्याने सीटवरची स्वतःची घोंगडी काढली, घडी केली आणि आरशाच्या पाठीशी लावली. मग आम्ही निघालो. इतके हळू, की सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात होते आणि जाताना वळून बघत होते.

"गाडी बिघडलीय का?" मी न राहवून विचारलं.

"गाडी ठीक आहे," तो म्हणाला. "मागे तुमचा आरसा आहे ना..."

आरसा पोचला. साधा ओरखडाही नाही. संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले आणि म्हणाले, "असा माणूस काचेच्या धंद्याला सोन्यासारखा. यापुढे यालाच बोलवायचं." त्याचं नाव त्यांनी तिथल्या तिथे ठेवून टाकलं - सावकाश. खरं नाव नंतर कळलं, पण ते आमच्या तोंडी कधी बसलंच नाही.

आमचं काचेचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला टेकलेल्या काचा, मधोमध जाड कापड अंथरलेलं कापायचं टेबल आणि कोपऱ्यात चौकटींची चळत. बाबांचा खांदा धरायला लागल्यापासून कापणं माझ्याकडे आलं होतं. बाबा मापं घेत, गिऱ्हाइकांशी बोलत आणि मी कशी चुकते हे मला सांगत.

सावकाश यायचा तो गाडी उलटी घेत, अगदी पायरीला लावून. मी काच कापत असले तर दारातच थांबायचा. काचेवर कटर फिरते ना, तेव्हा श्वास रोखावा लागतो. तर हा दारात उभा राहून स्वतःचाही श्वास रोखायचा! काच कट्‌कन सुटली की आम्ही दोघं एकदमच श्वास सोडायचो... आणि मग उगाच इकडेतिकडे बघायचो.

"तुम्हाला कशाला टेन्शन?" मी एकदा विचारलं.

"तुमचा हात कापला तर?"

"तर मलमपट्टी करीन."

"आणि ती कोण बांधणार? एका हाताने गाठ बसत नाही."

"दाताने ओढीन."

"बघा बुवा," तो म्हणाला. "दारात माणूस उभा असताना दातांना कशाला त्रास?"

मी पटकन पुढची काच ओढली. कान तापले होते. त्या दिवशी तीन चौकटींची मापं मी चुकवली आणि बाबा म्हणाले, "तुझं लक्ष कुठाय हल्ली?" माझं लक्ष कुठे होतं ते पायरीशी उलटं येऊन लागलं होतं, पण हे बाबांना कसं सांगणार?

मग ती शाळेची ऑर्डर आली.

गावाबाहेर नवी शाळा उभी राहत होती. तिच्या सगळ्या खिडक्यांच्या काचा आमच्याकडून घ्यायला ठेकेदार तयार होता. अट एकच: माल रोज त्याच्या वेळेवर पोचला पाहिजे, आणि त्यासाठी गाडी आमची स्वतःची हवी. भाड्याच्या गाडीने त्याला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं होतं.

बाबांनी लगेच चौकशी सुरू केली. डिझेलची घ्यावी की पेट्रोलची, नवी की जुनी, यावर घरात जेवताना दुसरा विषय नाही. शेवटी बेकरीवाल्या काकांकडे एक डिझेलची पिकअप निघाली. काका धंदा आवरता घेत होते. गाडीने आयुष्यभर पाव वाहिले होते, म्हणजे जड ओझं तिला माहीतच नव्हतं.

"उद्या सावकाशला घेऊन जाऊ," बाबा म्हणाले. "तो म्हणाला घ्या, तर घ्यायची. तो म्हणाला नको, तर नको."

मी भांडी आवरत होते. आवरता आवरता हात थांबले. स्वतःची गाडी आली की... पायरीशी दुसरी गाडी कशाला लागेल? इतके दिवस मी हा हिशेबच केला नव्हता. दुकानाचं भलं होत होतं आणि मला रडू येत होतं. इतकी मी वेडी!

सकाळी हवेत गारठा होता. बेकरीच्या मागच्या अंगणात ती गाडी उभी होती, पांढरी, एका बाजूला जरा पोचा आलेली. सावकाशने आधी बॉनेटवर हात ठेवला. "गार आहे," तो म्हणाला. "बरं झालं. थंड इंजिन लगेच सुरू झालं तर समजायचं, तब्येत चांगली."

सेल्फ मारला. गाडी एका फटक्यात सुरू झाली. थोडा धूर आला, विरून गेला. मग ती शांतपणे धडधडत राहिली. तो वाकून ऐकत होता. ऑइल बघितलं, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बघितले, खाली झोपून काहीतरी हलवून बघितलं. एक चक्करही मारून आला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा ओढल्यासारखा दिसत होता.

"कशी आहे?" बाबांनी विचारलं.

तो हातावरचं ऑइल पुसत राहिला. आधीच पुसलेलं होतं, तरी पुसत राहिला.

"नको," तो म्हणाला. "गाडी घेऊ नका."

"का?" बेकरीवाले काका एकदम उसळले. "काय वाईट आहे तिच्यात?"

"डिझेलचं इंजिन आहे... थरथर असते. काचांना नाही मानवायची."

बाबांनी मान हलवली. काकांचे आभार मानले. आणि मी? खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी नाचावंसं वाटलं. गाडी नको! म्हणजे पायरीशी अजून तीच गाडी, दारात अजून तोच माणूस!

घरी पोचेपर्यंत तो आनंद टिकला. मग चपला काढता काढता एक गोष्ट डोक्यात आली आणि मी एका पायात चप्पल घालून तशीच उभी राहिले.

सावकाशची गाडी डिझेलचीच होती.

इतके महिने आमच्या काचा तिच्यातूनच गेल्या होत्या. मग त्यांना कशी मानवली थरथर?

दुसऱ्या दिवशी बाबा ठेकेदाराला नाही म्हणायला फोन शोधत होते. या खिशात, त्या खिशात हात घालून उगाच वेळ काढत होते. इतकी मोठी ऑर्डर पुन्हा येणार नव्हती, हे त्यांच्या पाठीकडे बघूनही कळत होतं. मी म्हणणार होते, "बाबा, थांबा जरा," इतक्यात दारात सावली पडली.

सावकाश होता. मी बोलावलं नव्हतं. गाडी पायरीला लावलेली नव्हती, समोर रस्त्यातच कशीतरी उभी होती.

"काका," तो म्हणाला, "ती गाडी घ्या. चांगली आहे. माझ्या गाडीपेक्षा चांगली आहे."

बाबांनी चष्मा वर सरकवला. "आणि काल?"

"काल मी खोटं बोललो."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा त्याच्याकडे. "माझी मोजपट्टी आत राहिली वाटतं," असं पुटपुटत ते आत गेले. मोजपट्टी त्यांच्या गळ्यात होती.

"तुम्हाला काही वाटतं का?" मी दबक्या आवाजात भडकले. "बाबांनी तुमच्या शब्दावर ऑर्डर सोडली असती! फोन लावतच होते!"

"म्हणूनच आलो. रात्रभर..." तो थांबला. "मी गाडीबद्दल कुणाला कधी खोटं सांगितलं नव्हतं."

"मग आम्हालाच का?"

तो टेबलावरच्या काचेकडे बघत होता. कोरी काच, त्यात काहीच दिसण्यासारखं नव्हतं.

"तुमची गाडी आली की मला कोण बोलावणार?" तो म्हणाला. "भाड्याचं नाही म्हणत मी. भाडी मिळतात. पण मग इथे यायचं... कुठल्या कारणाने?"

मला त्याचा इतका राग आला होता, आणि राग असतानाच छातीत काहीतरी असं हलकं होऊन तरंगत होतं की मला नीट रागावताही येईना. मी ओढणी सावरली, कटर खाली ठेवली.

"चला," मी म्हटलं.

"कुठे?"

"बेकरीत. काल काकांच्या तोंडावर तुम्ही त्यांच्या गाडीला नावं ठेवलीत. आता त्यांच्या तोंडावरच कौतुक करायचं."

त्या दिवशी पहिल्यांदा त्याने गाडी भरधाव नेली.

बेकरीच्या अंगणात एक भाजीचा व्यापारी गाडीभोवती फिरत होता. टायरला लाथ मारून बघत होता. काकांनी आम्हाला पाहिलं आणि तोंड फिरवलं. सावकाश सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. कान लालबुंद झाले होते बिचाऱ्याचे.

"काका, काल मी चुकीचं बोललो. गाडीत काही दोष नाही. तुम्ही तिला फार जपून वापरलीय."

"मोठ्याने बोल," काका म्हणाले. "मला कमी ऐकू येतं."

काकांचे कान अगदी शाबूत होते, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. सावकाशने पुन्हा सांगितलं. भट्टीवरची माणसं दारात येऊन ऐकायला लागली. मग काकांनी तिसऱ्यांदा वदवून घेतलं, आणि तेव्हा कुठे त्यांच्या मिशा हलल्या.

"काल का नको म्हणाला होतास?"

सावकाशने नुसतं माझ्याकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं. भट्टीवरच्या माणसांनीही पाहिलं. मला वाटलं, आता या भट्टीतच शिरावं.

"अस्सं," काका म्हणाले, आणि व्यापाऱ्याकडे वळले. "माफ करा हं. गाडी यांना दिली."

गाडी आली. स्कूटर मी चालवायचे, पण एवढं धूड कधी हातात घेतलं नव्हतं. शिकवायला सावकाशच आला, बाबांनीच बोलावलं. मैदानावर संध्याकाळी तो शेजारी बसायचा आणि मी गाडी अशी हिसके देत न्यायचे, की त्याचं डोकं छताला लागायचं.

"क्लच हळू सोडा... हळू..."

"हळूच सोडतेय!"

"हे हळू असेल तर जोरात कसं असेल, देव जाणे."

त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल तो पुन्हा चकार शब्द बोलला नाही. मीही नाही. एकदा गिअर बदलताना माझा हात अडला, त्याने वरून हात ठेवून तो दांडा सरकवला. गिअर पडला. हात मात्र जरासा उशिरा निघाला... आणि दोघंही समोरच्या मोकळ्या मैदानाकडे असे बघत राहिलो, जणू तिथे मोठी रहदारी आहे.

मग एका संध्याकाळी तो उतरून म्हणाला, "झालं. आता तुम्हाला कुणी शेजारी नको." हसत म्हणाला, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही.

शाळेचं काम सुरू झालं. मी रोज काचा नेत होते, सगळ्या सुखरूप पोचत होत्या. ठेकेदार खूश, बाबा खूश. मी दुकानात काच कापायचे. काच कट्‌कन सुटायची, मी श्वास सोडायचे, एकटीच. मग दाराकडे बघायचे. दारात नुसतं ऊन.

तो येणार नव्हता. त्याला जे सांगायचं होतं ते त्याने सांगून टाकलं होतं. उत्तर माझ्याकडे थकलं होतं, आणि मी वेड्यासारखी त्यानेच यावं म्हणून वाट बघत होते!

शाळेची शेवटची खिडकी बसली त्या दिवशी मी परतताना गाडी घराकडे वळवली नाही. बाजारामागे भाड्याच्या गाड्या उभ्या असतात, तिथे नेली. रांगेत जागा नव्हती, म्हणून रस्त्यात तिरकी लावली. मागून हॉर्न सुरू झाले. सगळे गाडीवाले माना वळवून बघायला लागले, आणि त्यांच्यातून तो धावत आला.

"काय झालं? बंद पडली का?"

"नाही."

"मग काही न्यायचंय?"

"हो."

त्याने मागे हौद्यात डोकावून पाहिलं. हौदा रिकामा. "काय न्यायचंय?"

"तुम्हाला," मी म्हटलं. मग वाटलं, एवढं धाडस केलंच आहे तर... "तुला."

तो खिडकीशी तसाच उभा राहिला. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. कुणीतरी ओरडलं, "अरे, बस की लवकर, नाहीतर मी बसतो!"

तो बसला. दार दोनदा आपटलं, तेव्हा लागलं. गाडी मी जराही हिसका न देता काढली.

बरंच पुढे आल्यावर त्याने हळूच विचारलं, "काका... ओरडतील ना तुला?"

तुला! मी समोरच बघत राहिले, नाहीतर गाडी नक्की खांबावर गेली असती.

"बाबांना सांगूनच निघालेय."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, डिझेल भरून घे. परत यायची घाई करू नका."